भामाबाईचा मोगरा, भामाबाईची हिना

कन्हेरीत कुणाच्या घरी लग्न निघालं की आधी मुहूर्त ठरायचा, मग आचारी ठरायचा, आणि मग कुणीतरी हमखास म्हणायचं, "अरं, भामाबाईला सांगितलं का?" मांडवाच्या तोंडाशी उभं राहून आल्यागेल्या बायकांच्या मनगटावर अत्तराचं बोट फिरवायचं काम भामाबाईचं. ते तिला कुणी दिलेलं नव्हतं. तिनंच घेतलं होतं, आणि तिच्याकडून काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती.

धनगराची बाई आणि अत्तर, म्हणून लोक हसायचे. हसू देत. भामाबाईचं तरणेपण मेंढरांमागं गेलं. घोड्यावर बिऱ्हाड, पाठीला पोर आणि पुढं कळप. लग्नानंतरच्या पहिल्याच साली इंदापूरच्या एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. गावात लग्न होतं, मांडवात जेवायला बोलावलं. अत्तरदाणी घेतलेली एक म्हातारी ओळीनं बायकांचे हात धरत आली, आणि भामाबाईला वगळून पुढच्या बाईकडं गेली. वर म्हणाली, "हिला मेंढराचा वास हाय. अत्तर काय करंल हितं?" पुढं केलेला हात भामाबाईनं पदराखाली घेतला.  पण पुढच्या बारामतीच्या बाजाराला मीठमिरची राहिली बाजूला, तिनं आधी दस्तगीर अत्तरवाल्याची पेटी गाठली. तेव्हापासून भामाबाई जिथं अत्तर लावायला उभी राहिली तिथं एकही हात रिकामा गेला नाही. शेणाच्या पाट्या टाकणारी असो की पाटलीण, बोट सारखंच.

पुढं पाटाचं पाणी आलं, रान भिजलं, ऊस उभा राहिला. मोठा कळप गेला. तरी तिचा नवरा, आप्पा, थोडी मेंढरं ठेवून होताच. मेंढरांशिवाय त्याला जेवण जात नव्हतं. पोरगा मल्हार शिकून बारामतीच्या एमआयडीसीत कामाला लागला. सगळं बदललं, पण भामाबाईच्या देवळीतल्या दोन कुप्या हलल्या नाहीत. एक मोगऱ्याची, एक हिनेची.

आणि या दोन कुप्यांवर ती बोलायला लागली की बसलेल्या माणसानं उठायची घाई करू नये. "मोगरा म्हंजी उतावळा गडी," ती म्हणायची. "बूच काढायचा अवकाश, ह्यो अंगणात. त्याला ऊन पायजे, घाम पायजे. वैशाखातल्या दुपारच्या लग्नाला मोगराच. बाई घामानं भिजली की ह्यो फुलतो. पर दम न्हाय. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, की गेला."

"आन हिना?" कुणीतरी मुद्दाम विचारायचं.

"हिना सासूसारखी. आधी गप. वाटतं, लावली का न्हाय? कडू, ओल्या मातीवानी. मग हळूच पाय पसरती, आन एकदा बसली की उठायचं नाव न्हाय. थंडीतच लावावी. चंपाषष्ठीला, जागरणाला. घोंगडीला दिवाळीत बोट लावा, शिमग्यापतूर घोंगडं वास मारतंय." हिना मेंदीच्या फुलांची. मेंदीचं झाड एवढंसं, त्याचं फूल मोहरीएवढं, आणि वास मात्र असा घर धरून बसणारा, याचं तिला भारी कौतुक होतं.

एकदा पिंपळीच्या गेणबानं पोरीच्या लग्नात भामाबाईला न विचारता भर वैशाखात हिनेची कुपी फोडली. मांडवात पत्रा तापलेला, वर ती हिना. दुपारपर्यंत अर्ध्या वऱ्हाडाची डोकी ठणकायला लागली, आणि नवऱ्याच्या चुलत्याला तर उलट्या सुरू झाल्या. जेवणातून विषबाधा झाली म्हणून आचाऱ्याचं बखोट धरलं लोकांनी! भामाबाई मांडवात शिरली, एकदा हुंगलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सोडा त्या गरिबाला. गेणबाराव, उन्हाळ्यात हिना लावत्यात व्हय? घोंगडं बी पांघरा की मग!" त्या दिवसापासून तालुक्यात तिचा शब्द कायदा झाला. उन्हाळ्यात मोगरा, थंडीत हिना. त्यात बदल नाही.

अत्तराचा तिचा आणखी एक उपयोग होता, आणि तो ऐकून दस्तगीरचाचासुद्धा कपाळाला हात लावायचा. मेंढी आपलं पिल्लू डोळ्यांनी ओळखत नाही, नाकानं ओळखते. एखादी मेंढी मेली आणि तिचं पिल्लू दुसरीला लावायला गेलं, की ती हुंगते आणि ढुसणी देऊन लांब फेकते. भामाबाई काय करायची, तर पिल्लाच्या पाठीला, शेपटीला अत्तर चोळायची आणि तेच बोट मेंढीच्या नाकावर फिरवायची. मेंढीला जिकडंतिकडं तोच वास. आपलं काय, परकं काय, काही कळायचं नाही. उभी राहायची बिचारी, पिल्लू लुचायचं. अत्तर उडून जाईपर्यंत तिचंच दूध पिल्लाच्या पोटात गेलेलं असायचं आणि पिल्लाला तिचाच वास यायला लागायचा.

"भामीची मेंढरं निघाली लग्नाला," असं म्हणून आप्पा शिंकायचा. पण पिल्लं जगायची, म्हणून गप्प बसायचा.

मल्हारची बायको सारजा, वडगाव निंबाळकरची. सासूसुनेचं अत्तरावरून जमलं आणि अत्तरावरूनच भांडण. सारजाला हिना आवडायची नाही. बारा महिने तेरा काळ मोगरा. थंडीतसुद्धा कानात मोगऱ्याचा फाया घालून चुलीपुढं बसायची. "आगं, गारठ्यात मोगरा मुका असतोय, वाया चाललाय," भामाबाई ओरडायची. सारजा हसायची आणि तान्ह्या सुकन्याला पदराखाली घ्यायची. त्या पोरीला दूध आणि मोगरा एकदमच मिळाला म्हणा ना.

सुकन्या चार वर्षांची असताना सारजाला कावीळ झाली, ती कळेपर्यंत उशीर झाला होता. भामाबाईनं मोगऱ्याची कुपी फडक्यात गुंडाळली आणि देवळीच्या पार मागं सारली. त्या सालच्या उन्हाळ्यात कन्हेरीच्या लग्नांत बिनअत्तराच्या पंगती उठल्या. 

पोरगी गप्प झाली. आईचं एक जुनं लुगडं उराशी धरून झोपायची. सारजाचा भाऊ जोतीराम वडगावहून यायचा, भाचीला खांद्यावर घ्यायचा आणि जाताना डोळे पुसायचा. मल्हारचं दुसरं लग्न ठरलं तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "आमचं काय म्हणणं न्हाय. माणसाला संसार करावाच लागतो. पर वरीसभर मी बघणार. पोरगी नव्या बाईपाशी रमली तर रमली. न्हायतर शाळंत घालायच्या आधी मी तिला वडगावला नेणार ती कायमची. सावत्रपणात माझी भाची वाढायची न्हाय." मल्हारनं मान डोलावली.  सारजा गेली, आता तिची खूणही जाणार? भामाबाईला रात्रंदिवस तेवढाच एक घोर लागला. पोरीला या घरात ठेवायची कशी?

आणि इथं भामाबाईनं एक चूक केली. शहाण्यासुरत्या बाईनं केली नसती, येड्या बाईलाही सुचली नसती. मेंढरांत जन्म काढलेल्या बाईलाच सुचावी अशी.

नवी सून रोहिणी इंदापूरची. बापाच्या आजारपणात लग्न लांबलेलं, म्हणून बिजवराला दिलेली. पुढच्या सालच्या वैशाखात, मोजक्या माणसांत लग्न लागलं. उंबऱ्यावर धान्याचं माप ठेवलं, रोहिणी पाऊल उचलणार, तेवढ्यात भामाबाई म्हणाली, "थांब गं जरा." देवळीतून फडकं काढलं, कुपी उघडली आणि सुनेच्या कानामागं, गळ्याला, पदराला, निऱ्यांना मोगरा लावला. हात सैल सोडून लावला. बायकांना वाटलं, भामाबाई सुतकातून उठली, चांगलं झालं. वैशाख आहे, मोगराच लावायचा. रोहिणीला वाटलं, सासू किती मायेची.

सुकन्या आतल्या दाराआड पाठ करून उभी होती. माप लवंडलं, रोहिणी आत आली, आणि तिच्या आधी वास आत गेला. पोरगी गर्रकन वळली. कुणाला काही कळायच्या आत धावत येऊन रोहिणीच्या निऱ्यांत तिनं तोंड खुपसलं. "आई! आई, कुठं गेलतीस गं?"

घरभर बायकांनी पदर डोळ्यांना लावले. भामाबाईला वाटलं, जिंकलं. रोहिणीनं वाकून पोरीला उचललं, आणि पोरीनं तोंड वर केलं.

तिनं जो टाहो फोडला तो सांगवत नाही. रोहिणीच्या तोंडावर चापट्या मारल्या, खाली उडी टाकली आणि वाघुरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत, जाऊन मेंढरांच्या मधे बसली. सांजेपर्यंत उठली नाही. आजी जवळ गेली तर आजीकडं बघून म्हणाली, "तू खोटा वास लावलास."

भामाबाईला तोंडात मारल्यासारखं झालं. मेंढीला काय, नाकच असतं. पोरीला डोळेही असतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी शेजारणीनं रोहिणीला सगळं सांगून टाकलं. कुणाचा मोगरा, कशाला लावला, सगळं. रोहिणी ओरडली नाही, रडली नाही. लग्नातलं लुगडं दगडावर आपटून आपटून धुतलं आणि वाळत घालताना म्हणाली, "आत्याबाई, त्यांच्या जागी मी आले, ते मला ठावं हाय. पर मला त्यांच्या वासात गुंडाळू नगा. मलाबी नाव हाय."

"चुकलं गं माझं," भामाबाई म्हणाली. एवढंच म्हणाली, पण म्हणाली. गावात तिला हे शब्द म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं.

पावसाळा गेला. सुकन्या रोहिणीच्या हातचं जेवायची, पण ताट खाली ठेवून रोहिणी दोन पावलं मागं सरल्यावर. वेणी आजीनंच घालायची. रोहिणीनं कधी जबरदस्ती केली नाही, लाडीगोडीही लावली नाही. पोरीच्या आईचं लुगडं उसवलं होतं, ते एक दिवस शिवून, घडी घालून तिच्या उशाला ठेवलं, बस. दिवाळीला जोतीराम आला, बघितलं, आणि जाताना मल्हारला म्हणाला, "दाजी, मी जूनच्या आधी येतो." भामाबाई ओसरीवर बसून ऐकत होती. तिचा धीर सुटत चालला होता.

मार्गशीर्षात गारठा पडला. सकाळी सकाळी एक मेंढी विताना मेली, तिचं पिल्लू जगलं. आणि आदल्याच दिवशी दुसऱ्या मेंढीचं पिल्लू गेलं होतं. आप्पा बाजाराला गेलेला. भामाबाईचे गुडघे धरलेले.

"रोहिणी, मेंढी धरशील का गं?"

"कधी धरली न्हाय, पर धरते."

इंदापुरात वाढलेली बाई ती. मेंढीनं तिला दोनदा लोळवलं. तिसऱ्यांदा तिनं मानेला मिठीच मारली. पिल्लू थरथरत होतं. ते धरायला सुकन्या आपणहून पुढं आली, मेंढरांच्या कामात तिला कुणी बोलवावं लागत नसे. भामाबाईनं हिनेची कुपी काढली. तिच्या मनात दुसरं काही म्हणजे काही नव्हतं. सुनेच्या आणि नातीच्या बाबतीत तिनं अत्तराला कधीच हात जोडले होते. तिला पिल्लू जगवायचं होतं, एवढंच.

"चोळ गं पाठीला. शेपटीलाबी. रोहिणी, तू तिच्या नाकाला लाव."

दोघींनी चोळलं. पिल्लू मेंढीच्या पोटाखाली सारलं. मेंढीनं हुंगलं, पाय आपटला, परत हुंगलं.  आणि पिल्लानं आचळ धरलं की हो! शेपटी अशी भिरभिरायला लागली की सुकन्या खुदकन हसली. किती दिवसांनी हसली!

मग तिनं आपले हात हुंगले. रोहिणीचा हात नाकाशी ओढला आणि हुंगला.

"तुजाबी त्योच वास."

"व्हय. आपण दोघींनीबी चोळलं न्हवं?"

"ह्याची खरी आई मेली."

"व्हय, मेली."

"मग ह्ये तिला इसरनार?"

भामाबाईनं तोंड उघडलं होतं, पण रोहिणीच बोलली. "कशापायी इसरंल? दूध पितंय म्हून काय इसराय पायजे का? आई येकच असती सुकन्या. तू मला आई म्हणू नगंस. मी तुला कधी म्हण म्हणणार न्हाय."

पोरीनं पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला. "मग काय म्हणू?"

"काय वाटंल ते."

"मास्तरणीची पोरगी मम्मी म्हणती."

"म्हण की," रोहिणी म्हणाली, आणि मेंढीच्या लोकरीत तोंड लपवून रडली. भामाबाई कुपीचं बूच लावत राहिली. ते काही केल्या बसेना, कारण तिला दिसतच नव्हतं.

हिना ती हिनाच. दोघींच्या हातांवरून ती कितीतरी दिवस हलली नाही. भाकरी थापताना, वेणी घालताना तोच वास. हो, वेणी आता रोहिणी घालायला लागली होती. पण भामाबाई मनात घाबरलेलीच. एकदा जिंकलं वाटलं होतं आणि तोंडावर आपटली होती. आणि जोतीरामाला पोरीनं मम्मी म्हटलेलं पुरणार नव्हतं. "लहान लेकरू हाय, चार दिसांत आईला इसरंल," असं तो दिवाळीत म्हणून गेला होता. त्याला खरी भीती तीच होती.

वैशाखात रोहिणीच्या भावाचं लग्न निघालं, इंदापूरला. जोतीरामनं सांगावा धाडला, मी तिथंच येतो, पोरीला तिथूनच नेतो. भामाबाईनं सुकन्याचे दोन परकर पिशवीत भरले, काढले, परत भरले.

आणि इंदापूरच्या मांडवात काय व्हावं? रोहिणीची आई अत्तरदाणी घेऊन आली आणि भामाबाईच्या हातात देऊन म्हणाली, "विहीणबाई, ह्ये तुमीच करायचं. तुमचं नाव हितंपतूर हाय." ज्या गावानं तिचा हात वगळला होता त्या गावात भामाबाई मांडवाच्या तोंडाशी उभी राहिली. दुसरा दिवस असता तर ती फुगून दुप्पट झाली असती. आज तिचं लक्ष एस.टी. स्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर होतं.

अत्तरदाणीत काय भरायचं हाही पेच होता. वैशाख, दुपारचा मुहूर्त. मोगराच. पण त्या दिवसानंतर तिनं मोगरा पोरीसमोर उघडला नव्हता. शेवटी देवाचं नाव घेतलं आणि भरला. बायका येत गेल्या, बोट फिरत गेलं. रोहिणी आली. भामाबाईचा हात अडखळला, पण रोहिणीनंच मनगट पुढं केलं. "लावा आत्याबाई. आता काय न्हाय वाटत."

तिच्या मागून सुकन्या आली. वास आला तशी थबकली. त्याच वेळी जोतीराम मांडवात शिरला, नवा टोपी-सदरा, हातात भाचीसाठी खाऊची पुडी. भामाबाईनं अत्तरदाणी उराशी धरली.

सुकन्यानं दोन्ही हात पुढं केले. "आज्जी, ह्या हाताला मोगरा लाव. आन ह्या हाताला हिना."

"आगं, उन्हाळ्यात हिना न्हाय लावत बाळा. डोकं दुखतंय."

"माजं न्हाय दुखत. लाव."

भामाबाईनं सुनेकडं बघितलं. मग कमरेची चंची सोडली. त्या पिल्लापासून हिनेची कुपी तिच्या चंचीतच असायची. उजव्या हाताला मोगरा लावला, डाव्याला हिना. पोरीनं दोन्ही हात नीट हुंगले आणि मामाकडं गेली. उजवा हात उंच करून त्याच्या नाकाशी धरला.

"मामा, बघ. आईचा वास."

जोतीराम खाली बसला. भर मांडवात, नव्या सदऱ्यानिशी, मातीत. बहिणीच्या हाताला येणारा तो वास त्यानं डोळे मिटून घेतला. 

"आन ह्यो कशाचा?" त्यानं शेवटी डाव्या हाताकडं बोट केलं.

"ह्यो मम्मीचा," सुकन्या म्हणाली, आणि मागं न बघता तो हात पाठीमागं केला. रोहिणी मागंच उभी होती. तिनं तो धरला.

जोतीरामनं दोन्ही हातांकडं बघितलं.  मग उपरण्यानं तोंड पुसून खाऊची पुडी पोरीला दिली आणि उठला. "मावशी," तो भामाबाईला म्हणाला, "जूनला शाळंत घालताना मला बोलवा. पाटी मी आणणार."

"ये की रं बाबा. वाट बघती तुजी," भामाबाई म्हणाली, आणि एवढी रडली की अत्तरदाणी रोहिणीला धरावी लागली. मग डोळे पुसून तिनं कापसाचे दोन फाये केले, आणि एका कानात मोगरा खोवला, एका कानात हिना. ते बघून पलीकडची एक बाई ओरडली, "आवं भामाबाई, भर वैशाखात हिना? तुमीच न्हवं का गेणबाला बोलला होता?"

"बोललेली," भामाबाई म्हणाली. "पर आमच्या घरात चालती."